संत्र्याच्या बागेचे काळे फोटो

मी नोकरी कसली करते, हे मला आजवर कोणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. सक्करदऱ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची समजूत आहे की मी लग्नाचं ड्रोन शूटिंग करते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भाचीच्या हळदीसाठी एकदा विचारलंही. मी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं, की काकू, आमचा कॅमेरा माणसांचे नाही, झाडांचे फोटो काढतो, आणि ते फोटो उघडले तर काही दिसत नाही, ते दिसावेत एवढ्यासाठी मला पगार मिळतो. काकूंनी चहा संपवला, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. हळदीचं आमंत्रण आलं नाही ते नाहीच.

दिसत नाही हे मात्र शंभर टक्के खरं आहे. आमच्या ड्रोनखाली जो कॅमेरा असतो त्याला एक सोडून पाच डोळे असतात आणि त्यातले एक-दोन डोळे असा उजेड टिपतात जो माणसाला दिसतच नाही. धडधाकट पान हा उजेड भरभरून परत फेकतं, मरगळलेलं पान हात आखडता घेतं. पान पिवळं पडायच्या आधी कॅमेऱ्याला कळतं ते यामुळे. पण हा कॅमेरा हिशेबाला फार बारीक. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तो पासष्ट हजारांवर छटा मोजतो आणि आपला फोन दाखवतो दोनशे छप्पन. त्यातही एखाद्या बागेचा सगळा कारभार त्या पासष्ट हजारांतल्या खालच्या एका कोपऱ्यातच उरकलेला असतो, म्हणून फोटो सरळ उघडला तर काळाकुट्ट. गंजभर वरण वाटीत कसं बसवायचं, वरचं पाणी घ्यायचं की तळाची डाळ, हे ठरवणं म्हणजे माझं काम. मग त्याला रंग द्यायचे, चांगल्याला हिरवा, वाईटाला लाल, आणि फोनवर उघडेल असा साधा फोटो करून बागवाल्याला पाठवायचा.

हे सगळं मी करते असं मी लोकांना सांगते. खरं तर एक बटण आहे, ते करतं. बटण दाबलं की फोटोतलं सगळ्यात कमी ते काळं-लाल आणि सगळ्यात जास्त ते हिरवंगार, मधलं सगळं मध्ये. झटक्यात फोटो खुलतो. त्या बटणाच्या जोरावर मी ऑफिसात तज्ज्ञ म्हणून मिरवत होते.

आता बाबांकडे येते, कारण गोष्ट त्यांच्या डोळ्यांची आहे.

माझे आईबाबा नरखेड तालुक्यातल्या गावी असतात. संत्र्याची बाग आहे, विहीर आहे, आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी तो काढायला सांगून बरेच हिवाळे झाले. हिवाळे अशासाठी म्हणते की बाबांच्या मते मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं तर हिवाळ्यातच. उन्हाळ्यात जखम पिकते, पावसाळ्यात पाणी लागतं. आता कुठल्याही महिन्यात करतात, तासाभरात घरी सोडतात, असं नागपूरच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि गावी जाऊन पुन्हा हिवाळ्याची वाट पाहत बसले.

आणि हिवाळ्यात बागेचा ताण असतो. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं कासावीस व्हायला पाहिजे, पानं मलूल व्हायला पाहिजेत, थोडी गळायलाही पाहिजेत. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड जीव खाऊन फुलतं. लवकर सोडलं तर नुसता पाला, फूल नाही. उशीर झाला तर फांद्याच वाळतात. ती नेमकी वेळ पानाच्या रंगावरून ठरवायची, आणि हे काम बाबा दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. म्हणजे हिवाळ्याशिवाय ऑपरेशन नाही आणि हिवाळ्यात सवड नाही. इतका पक्का बंदोबस्त एखाद्या वकिलालाही सुचला नसता.

मागच्या हिवाळ्यात बाबा अंगणातल्या बादलीला अडखळून पडले. लागलं फार नाही, पण मी नागपुरात बसून घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. फोन लावला आणि सुरू झाले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुहं. पण ताण कोण पाहीन?"

"मी पाहीन," मी म्हणाले.

"तू? तिथून?"

"तिथूनच. वरून. लोकांच्या बागा पाहतो आमी, तुमची नाई पाहू का?"

उंटावरून शेळ्या हाकतात, मी ड्रोनवरून बाग हाकायला निघाले. बाबांनी शब्द दिला. "ठीक हाय. यंदा तू सांगशीन तेव्हा पाणी सोडीन. आन् ज्या दिवशी पाणी सुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुह्या दवाखान्यात." आई मागून म्हणाली, "मी ऐकलं हाय बरं का." मला वाटलं, जिंकले.

ऑफिसचा ड्रोन त्या दिवसांत त्याच तालुक्यात दुसऱ्यांच्या बागांवर फिरत होता. तो उडवणाऱ्या सहकाऱ्याला मी आईच्या हातच्या पाटोडीच्या रश्श्याचं आमिष दाखवलं. तो दर आठवड्याला जाता जाता आमच्या बागेवरून एक चक्कर मारायला लागला आणि रस्सा ओरपून परतायला लागला.

पहिला फोटो मी घाईघाईत पाठवला आणि बटण दाबायला विसरले. आईचा लगेच फोन. "काहून वं, हा फोटो तं सारा काळाच हाय. फोन बिघडला का?"

मागून बाबांचा आवाज, "मले बी काळाच दिसून राहिला. म्हणजे डोळे चांगले हायेत माहे!"

दोघंही खूप हसले. मी चिडून बटण दाबलं आणि पुन्हा पाठवला. या वेळी बाग कशी खुलली! विहिरीकडे हिरवी, मधे पिवळी, पलीकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, थोडी लाल. मी खाली ऐटीत लिहिलं, "अजून वेळ आहे." उत्तर आलं, "छान हाय."

पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो. तसाच. विहिरीकडे हिरवा, मधे पिवळा, धुऱ्याला लाल. तिसराही तसाच. मला कौतुक वाटलं. काय दमदार बाग आहे, म्हटलं, इतके दिवस पाणी नाही तरी हलायला तयार नाही! मी लिहीत गेले, "अजून वेळ आहे." उत्तर येत गेलं, "छान हाय." एकदा आई फोनवर म्हणाली, की पानं लय गळून राहिली, चालताना पायाखाली कुरकुर वाजते. मी तिला म्हणाले, "आई, तू खालून पाहतेस. मी सगळी बाग एकदम पाहते." आईनं विषय सोडला. माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे तिला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

माझं पितळ उघडं पाडलं ते साहेबांनी, तेही नकळत. त्यांना बागवाल्यांना दाखवायला एक नमुना पाहिजे होता. एकाच बागेचे आठवड्या-आठवड्याचे फोटो शेजारी शेजारी, एका पानावर. माझ्याकडे घरचीच बाग होती. मी मूळचे तिन्ही काळे फोटो घेतले, एकाला एक चिकटवून एक लांबलचक फोटो केला आणि मग त्यावर नेहमीचं बटण दाबलं.

डावीकडची बाग हिरवी झाली. मधली पिवळी. उजवीकडची, म्हणजे आदल्या दिवशीची, विटेसारखी लाल.

मी बटण पुन्हा दाबून पाहिलं. आपल्याला न पटलेली गोष्ट पुन्हा केली की बदलते, अशी माझी जुनी श्रद्धा आहे. बदललं काही नाही. मग डोक्यात उजेड पडला आणि पोटात गोळा आला. बटण त्या-त्या फोटोपुरतंच पाहत होतं. त्यातलं त्यात बरं ते हिरवं, त्यातलं त्यात वाईट ते लाल. वर्गातली सगळी पोरं नापास झाली तरी पहिला नंबर कोणाचा तरी येतोच, तसं. सगळी बाग वाळत चालली होती आणि माझं बटण दर आठवड्याला विहिरीकडच्या झाडांना पहिला नंबर देत होतं. आणि मी, पगारी तज्ज्ञ, त्या निकालावर सही करून गावी पाठवत होते. एका मापानं मोजल्याशिवाय दोन फोटोंची तुलना करू नये, हे मी नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच नव्हता.

फोन लावला. "बाबा, आजच पाणी सोडा."

"आज? काल तं तू म्हणत होती का अजून आठ दिवस."

"काल मी मूर्ख होती."

"आन् आज?"

"आज बी हावो, पण मोटर चालू करा."

विजेची लाईन चार वाजता येते, असं त्यांनी सांगितलं. मी साहेबांना पोटदुखीचं कारण सांगितलं, ते खोटंही नव्हतं, आणि काटोलमार्गे जाणारी एस.टी. पकडली. बसमध्ये सारखं एकच येत होतं मनात. बाग गेली तर बहार जाईल, ते एक वेळ सोसता येईल. पण मग बाबा पुन्हा कधी माझा शब्द ऐकणार नाहीत, पुन्हा कधी ताण दुसऱ्यावर सोडणार नाहीत, आणि ऑपरेशनचं नाव काढायचं तोंड मला उरणार नाही. ते असेच बादल्यांना अडखळत राहतील.

पोचले तेव्हा मोटर सुरू झाली होती. झाडांची पानं सुरळीसारखी वळलेली, निस्तेज, बुंध्याखाली पाचोळ्याचा थर. धुऱ्याकडच्या झाडांच्या शेंड्याच्या काड्या वाळलेल्या होत्या. फोटोत लाल दिसणं वेगळं आणि असं समोर उभं राहून पाहणं वेगळं. बाबा विहिरीपाशी दगडावर बसले होते. आई नळी धरून उभी होती.

मी माफी मागायची तयारी करून गेले होते, पण माझ्याकडून माफीसुद्धा व्याख्यानासारखी बाहेर पडते. फोन काढला आणि तो तीन बागांचा फोटो बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे पाहा. चूक माही हाय. हे पाहा म्हणजे समजीन."

बाबांनी फोन हातात घेतला. जवळ नेला, लांब धरला, उन्हाकडे पाठ केली. मग मान डोलावली. "छान हाय."

"छान कुठं हाय? हा उजवीकडचा पाहा ना. कोणता रंग हाय त्याचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईच्या दिशेनं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "हिरवा नाई का?"

आईच्या हातातली नळी खाली पडली. "अवो, लाल हाय तो," ती म्हणाली. "विटेसारखा लाल."

मग माझा आवाज चढला, कारण रडू आलं की माझा आवाज चढतो. "मंग इतके दिवस 'छान हाय, छान हाय' काहून लिहून राहिले होते?"

"लिहीत तं तुही माय होती."

"हे म्हणत छान लिही, मी छान लिहो," आई म्हणाली. "मले वाटलं, तुमचं बापलेकीचं काही ठरलं असन. तू शिकलेली, हे जाणते. मी कायले मधात बोलू?"

"तुमाले काहीच दिसत नाई का, बाबा?"

"उजेड दिसते. माणूस आला-गेला दिसते. पान हाय का नाई ते हात लावला का समजते." त्यांनी जवळची एक फांदी चाचपली. "रंग नाई समजत आता. दोन वर्षं झाली. मागच्या साली बी ताणाचं पाणी अंदाजानंच सोडलं. यंदा तू म्हटलं का मी पाहीन, तं म्या म्हटलं, सुटलो बाप्पा."

मी तिथेच मातीत बसले. मला लाज वाटली, आणि तितकाच रागही आला, स्वतःचा आणि त्यांचाही. दर आठवड्याला मी पासष्ट हजार छटा दोनशे छप्पनमध्ये बसवत होते, रंग खुलवत होते, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला त्यातली एकही दिसत नव्हती. मी पाहते आहे म्हणून बाबा निश्चिंत, बाबा छान म्हणतात म्हणून मी निश्चिंत, आणि आम्हा दोघांचं ठरलेलं आहे म्हणून आई गप्प. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्याकडे दळणारी तिघं होती.

बाबा लगेच सावरले, कारण त्यांना पुढचं दिसत होतं. तेवढं मात्र त्यांना नेहमी दिसतं. "झाडं अशी झाली, आता मी कसा येऊ नागपूरले? सावरू दे जराशी. बहार फुटू दे, मंग..."

मी तोंड उघडणार होते. पण आईनं नळी उचलली, मोकळ्या आळ्यात टाकली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पाणी सुटलं ना? मंग उद्या दवाखाना. तुमीच बोलले होते, म्या ऐकलं हाय." आणि ती घरी निघाली, पिशवी भरायला. बाबांनी वाद घातला नाही. मी आयुष्यभर त्यांच्याशी वाद घालत आले, आणि हे इतकं सोपं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबा काही दिवस सक्करदऱ्याला आमच्याकडे राहिले. काळा चष्मा लावून गॅलरीत बसायचे. वरच्या काकू खास त्यांना भेटायला आल्या. आपली मुलगी नेमकं काय करते, हे त्यांनी काकूंना सांगितलं. "फोटो काढते बागांचे. चांगले येत नाईत, पण काढते." काकूंना पहिल्यांदाच माझं काम नीट समजलं. दुसरा डोळा पुढच्या हिवाळ्यात, असं ते म्हणाले. मी म्हणाले, पुढच्या महिन्यात. अजून आमचं त्यावर चालूच आहे.

गावी परतल्यावर त्यांनी बागेबद्दल फारसं काही सांगितलं नाही. धुऱ्याकडची काही झाडं हातची गेली, एवढंच आईकडून कळलं. विचारायचा मला धीर नव्हता. फेब्रुवारीत ड्रोन पुन्हा त्या बाजूला गेला तेव्हा मी मुकाट्यानं आमच्या बागेवरून एक चक्कर मारायला सांगितलं. या वेळी बटणाला हात लावला नाही. पहिल्या फोटोचंच माप या फोटोलाही लावलं, आकडे हातानं घातले, दोनदा तपासले. मग फोटो उघडला.

सगळी बाग पिवळी, मधून मधून लालसर. विहिरीकडची झाडंसुद्धा. पाणी सोडून इतके दिवस झाले होते, खत पडलं होतं, आणि बाग हिरवी व्हायचं नाव घेत नव्हती. या वेळी माप बरोबर होतं, त्यामुळे पळायला वाटही नव्हती. मी बागेचं कायमचं वाटोळं केलं, असं मला वाटलं. सकाळची वेळ होती. मी फोन लावला.

"बाबा, पाणी बरोबर बसून राहिलं ना झाडाले? म्या आत्ता फोटो पाह्यला. सारी बाग पिवळी दिसून राहिली."

पलीकडे बाबा हसायला लागले.

"पिवळी नाई वं. पांढरी हाय. फूल हाय! पान दिसत नाई इतकं फूल लागलं हाय."

पांढऱ्या फुलांनी पानं झाकली की आमचा कॅमेरा बागेला आजारी समजतो. हे मला माहीत होतं. मी वाचलं होतं, चार लोकांना ऐकवलंही होतं. पण त्या घडीला माझा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता आणि बाबांच्या "छान हाय"वर तर त्याहून नव्हता.

"नक्की का?" मी विचारलं. "आईनं पाह्यलं का? कोणी सांगितलं तुमाले?"

"तुही माय घरी हाय. मी एकटाच उभा हाय बागेत," बाबा म्हणाले. "मले दिसून राहिली."